नाव खोडलं, चतुःसीमा राहिली

हे लिहायला बायकोनं मला बरेच महिने परवानगी दिली नाही. मग एक दिवस भाकरी थापता थापता स्वतःच म्हणाली, "लिहा. पन नाव कोनाचं नोका टाकू. माझं नोका, तुमचं नोका, गावाचं तं मुळीच नोका." म्हणून वाचणाऱ्यानं एवढंच धरावं की आदिलाबाद जिल्ह्यातलं सीमेलगतचं एक गाव आहे, रानात कापूस आणि ज्वारी होते, घरात मराठी चालते आणि कचेरीत तेलुगू. मी तिसरी शिकलेला माणूस आहे. पण माझी तिसरी पक्की आहे. हाती आलेला कागद मी पूर्ण वाचतो, कितीही वेळ लागो. मागं उभे असलेले लोक कंटाळतात. कंटाळू द्या.

छातीतली गाठ तिला कळली तेव्हा तिनं मला सांगितलं नाही. लेकीला फोनवर सांगितलं. लेक मंचेरियलला असते, जावई कोळशाच्या खाणीत आहे. लेकीनं मला सांगितलं, आणि खरं सांगतो, गाठीच्या भीतीच्या आधी मला राग आला.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले सांगतलं असतं तं पाराले ऐकू गेलं असतं. तुमचा आवाज हळू होते का कधी?"

यावर मी जोरात म्हणालो की माझा आवाज हळू होतो.

तिची भीती मरणाची नव्हती. आमच्या गावात लेकरू जन्मलं की त्याची अंघोळ तिच्या पायावर होते. पाय लांब करून पाटावर बसायचं, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेल जिरवायचं, नाक-डोकं दाबून सरळ करायचं, वरून ऊन पाणी. तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, तिला हे शिकवलं. आज गावात जी पोरं मोटरसायकल उडवतात, त्यातली बहुतेक तिच्या नडग्यांवर रडलेली आहेत. याचं ती काही घेत नाही. कोणी खणाचं कापड देतं, तेवढंच. पण अंगणात तेलाची वाटी आणि बाळ घेऊन कोणी आलं की तिचा चेहरा बघावा.

गावात पूर्वी एका बाईला अशीच गाठ येऊन कॅन्सर झाला होता. आजार अंगातच राहिला, लोक मात्र दूर झाले. तिच्या हातचं पाणी कोणी घेईना. ज्याला त्याला वाटे, लागण होते. लागण होत नाही, हे आता मला माहीत आहे. तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मीही तिच्या दारातून लवकर पाय उचलायचो, हे कबूल करतो.

"माह्या पायावर कोनी लेकरू देनार नाई," एवढंच ती म्हणाली.

मग आम्ही ठरवलं, गावात गुडघ्याचं सांगायचं. लेकीकडं राहून गुडघ्याचा इलाज. जायच्या आधी दोन दिवस ती लंगडली. पहिल्या दिवशी डाव्या पायानं, दुसऱ्या दिवशी उजव्या. मी म्हणालो, "एक कोनता तरी पाय धर." ती म्हणाली, "दोन्ही दुखतात म्हना. म्हातारी हाय मी."

मंचेरियलहून रेल्वेनं आम्ही शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. सुईनं तुकडा काढून त्यांनी तपासला. डॉक्टर म्हणाले, गाठ लहान आहे, वेळेत आलात, ऑपरेशन करू, नंतर काही आठवडे यंत्राचा शेक आणि गोळ्या. लेक बाहेर जाऊन रडली आणि तोंड धुऊन आली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी एक पोरगी खाटेजवळ आली. पांढरा कोट, कानात बारीक बाळ्या, हातात कागदांची फाईल. ती डॉक्टर होती, पण इलाज करणारी नव्हती, आजार कसा होतो ते शिकणारी. हिंदी, तेलुगू आणि आमच्यासारखी मोडकी मराठी मिसळून बोलायची. मला तातय्या म्हणाली, म्हणजे आजोबा, आणि बायकोला अम्मा. स्टूल ओढून अम्माच्या उशापाशी बसली, आणि मी पायथ्याशी राहिलो.

तिनं सांगितलं ते असं: उद्या गाठ काढतील. तपासायला लागेल तेवढी जाईल. उरलेल्यातला थोडासा तुकडा थंड पेटीत जपून ठेवू. पुढं शिकणारे लोक त्यात बघतील, ही गाठ का होते, कोणतं औषध लागू पडतं. द्यायचा की नाही, अम्माची मर्जी. नाही म्हटलं तरी इलाज तोच, डॉक्टर तेच.

मी खिशातला पेन काढला. "कुठं दस्तखत करू?"

"तुमची नको तातय्या. अम्माची पायजे."

"मी नवरा हाय तिचा."

"हो. पण गाठ अम्माची आहे ना!"

बायकोनं तोंडावर पदर धरला. कितीतरी दिवसांनी ती हसली होती. मला खरं तर चिडायचं होतं, पण तिचं हसू बघून मी पेन परत खिशात ठेवला.

"याच्यानं मले काय फायदा होईन, बाई?" बायकोनं विचारलं.

"तुम्हाला काही नाही अम्मा. झूठ नहीं बोलूंगी. पुढच्या कोणाला तरी होईल."

"मंग ठीक हाय. पन हे कोनाकोनाले समजन?"

"कोणालाच नाही. नाव काढून टाकतो, नंबर लावतो."

बायकोनं मान हलवली आणि अंगठा पुढं केला. मी म्हणालो, "थांब. कागद वाचू दे."

सहीचा कागद वेगळा होता आणि तुकड्यासोबत जाणारा कागद वेगळा. मी दुसरा मागितला. हिंदीत होता, म्हणून मला जमलं. पोरीनं दोनदा घड्याळ बघितलं. बायको म्हणाली, "काय वाचून राह्यले एवढं? लग्नाची यादी हाय का ते?" मी बोट ठेवत ठेवत खाली आलो.

वर मोठा नंबर होता. नावाची जागा कोरी. इथपर्यंत बरोबर. त्याखाली गावाचं नाव. मंडल, म्हणजे आमच्याकडचा तालुका. वय, पुरतं लिहिलेलं. बोली मराठी. धंदा शेती, कापूस. अपत्य एक, मुलगी. गाठीची बाजू डावी. आणि कडेला पेन्सिलीनं, बायकोनं मघाशी पोरीला गप्पांत सांगितलेलं: गावातल्या बाळांना अंघोळ घालते.

मी कागद मांडीवर ठेवला. "बाई, तुमी शेताचा नंबर खोडला, पन चतुःसीमा ठेवली."

तिला कळलं नाही. कशी कळेल, तिनं शेत विकत घेतलेलं नव्हतं. मी तिला सांगितलं. जमिनीच्या कागदात शेताचा नंबर असतो, आणि खाली चतुःसीमा लिहितात, म्हणजे शेताच्या चार बाजूंना काय आहे ते. पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला नाला, उत्तरेला गाडीवाट, दक्षिणेला विहीर. माझ्या बापाच्या कागदात कारकुनानं नंबर चुकवला होता. त्या चुकलेल्या नंबरावर शेतच नव्हतं. मंडल ऑफिसात मी चपला झिजवल्या. शेवटी एक गिरदावर, म्हणजे जमिनी तपासणारा अधिकारी, आला. त्यानं नंबर बघितलाच नाही. चतुःसीमा वाचत वाचत पायी निघाला, नाला ओलांडला, गाडीवाट धरली आणि बरोबर माझ्या बांधावर येऊन उभा राहिला.

"आमच्या गावात मराठी बोलनारी, कापूसवाली, एकच लेक असलेली, लेकरं धुनारी बाई कितीक हायेत? तुमी माहं घर दाखवलं, फक्त दारावरची पाटी काढली."

"पण तातय्या, हा कागद गावात जात नाही. शिकणाऱ्यांकडेच जातो."

"शिकनारे कुठले?"

"इथले. दुसऱ्या शहरांतले. कधी बाहेरदेशाचे."

"त्यात आमच्या गावचा एखादा जावई नसन काऊन?"

ती हसली, पण मानली नाही. तेव्हा मी विचारलं, "तुमी कुठल्या?" नेरडीगोंड्याकडची होती, हमरस्त्याजवळच्या गावातली. ते गाव मला माहीत होतं. एकदा कापूस घेऊन जाताना आमचा ट्रॅक्टर तिथं पंक्चर होऊन बसला होता.

मी म्हणालो, "तुमच्या गावातला एक मानूस. नंबर बारा म्हना. पन्नाशीचा. रस्त्याच्या कडेले पंक्चर काढते. एक भुवई पांढरी, एक काळी. काम करता करता रेडिओले शिव्या देते."

पोरीनं पेन खाली ठेवला. "अरे! वो तो मेरे मामा हैं!"

"मी नाव घेतलं का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "मामाची भुवई तर सगळ्या मंडलला माहीत आहे," आणि कागदाकडं अशी बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कोणी लिहिला होता. बाजूच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून हसत होती. माझी छाती वीतभर फुगली, हे खोटं का बोलू?

ती उठून गेली आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर माणूस शांत होता. त्यानं मला उडवून लावलं नाही. खुर्चीवर बसून त्याची अडचण सांगितली. म्हणाला, "बाबा, तुमचं म्हणणं खरं आहे. पण गाव काढलं तर आमचं नुकसान होतं. कापसावर फवारे मारतात, पाणी कुठलं पितात, याचा गाठीशी काही संबंध आहे का, हेच तर शोधायचं आहे. सगळंच पुसलं तर मागं राहील फक्त मांसाचा तुकडा. तो काय बोलेल?"

उत्तर नसलं की मी आवाज वाढवतो. मी म्हणालो, आम्ही देतच नाही. चला, विषय संपला.

"तुमी गप बसा," बायको म्हणाली. "मास माहं हाय."

सगळे तिच्याकडं बघू लागले. ती उशीला टेकून बसली आणि भाजी निवडावी तसं तिनं तो कागद निवडायला घेतला. मला एकेक ओळ वाचायला लावली.

"गाव?"

"गाव नोका लिहू. जिल्हा लिहा. जिल्हा मोठा हाय."

"वय?"

"साठीच्या पुढची लिहा. सत्तरीच्या आतली."

"कापूस?"

"तो राहू द्या. फवाऱ्याचं बी लिहा. मी जवानीत पदर बांधून फवाऱ्याचं पानी कालवलं हाय, ते लिहा. त्याच्यात लाज काय?"

"विहिरीचं पाणी?"

"लिहा."

"लेकरं?"

"एक लेक हाय हे लिहा. कामाचं असन तुमच्या. पन मी लोकाईची लेकरं धुतो, ते खोडा." पोरीनं लगेच खोडरबर काढला आणि पेन्सिलीची ओळ तिच्यासमोर पुसली. बायकोनं वाकून खात्री केली. अक्षर येत नाही तिला, पण कोरं झालेलं कळतं.

डॉक्टर म्हणाले, गावाचं नाव आम्ही वेगळ्या कागदावर ठेवू, तो कुलपात राहील, एकाच माणसाकडं किल्ली. लागलं तर तो माणूस पाण्याची नोंद जुळवून देईल, पण शिकणाऱ्यांना गाव दिसणार नाही. बायकोनं विचारलं, "आन उद्या माहं मन फिरलं तं?" ते म्हणाले, "सांगा, पेटीतला तुकडा काढून टाकू. पण त्याआधी अभ्यासात जे गेलं असेल ते परत आणता येणार नाही." त्यांनी हे स्पष्ट सांगितलं, म्हणून मला तो माणूस पटला. गोड बोलणारा असता तर मी तिला खाटेवरून उठवून नेलं असतं.

मग तिनं अंगठा दिला. मला खाली साक्षीदार म्हणून सही करायला मिळाली. मी माझं पूर्ण नाव बापाच्या नावासकट लिहिलं, आणि लिहिल्यावर ध्यानात आलं की आता माझ्याच सहीनं सगळं उघडं पडणार. पोरीनं माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "डरो मत तातय्या. सहीचा कागद पण कुलपात."

ऑपरेशन नीट झालं. शेक घ्यायला काही आठवडे शहरातच राहिलो, लेकीनं ये-जा केली. शेवटच्या दिवशी ती पोरगी नवा छापलेला कागद घेऊन आली. त्यात गावाची ओळ नव्हती. वयाच्या जागी दहा-दहा वर्षांचे खण होते. "अब सबका ऐसा ही होगा," ती म्हणाली. "मोठ्या डॉक्टरांनी बैठकीत चतुःसीमा शब्द सांगितला. आता आम्ही सगळे तोच म्हणतो." मी तो कागदसुद्धा पूर्ण वाचला. एक चूक निघाली, वेलांटीची. ती दुरुस्त करून दिली.

आणि गावात आल्यावर माझी खरी शिक्षा सुरू झाली. आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं काम, आणि ते कोणाला सांगता येईना. पारावर एकजण म्हणाला, शहरातले डॉक्टर कोणाचं ऐकत नाहीत. माझ्या तोंडून निघालंच, "काऊन नाई ऐकत? म्या त्याहिचा कागद बदलवला."

"कोनता कागद?"

"गुडघ्याचा."

"गुडघ्याचा कागद असते?"

"असते," मी म्हणालो आणि घरी निघून आलो.

बायकोनं अंघोळी परत सुरू केल्या. डाव्या हातानं जड उचलायची मनाई होती, म्हणून बाळ नडग्यांवर आणि पाणी टाकायला बाळाची आजी, अशी वाटणी झाली. कोणाला संशय आला नाही. दोन घरं सोडून एका घरात तेव्हा महिन्याचं लेकरू होतं. त्याची आई, त्या घरची सून, रोज तेलाची वाटी घेऊन यायची. एका सकाळी ती गप्प होती. सासू बाळ घेऊन घरी गेल्यावर ती मागं थांबली आणि आमच्या स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ दोघी आत होत्या. बाहेर आली तेव्हा सुनेचे डोळे लाल होते आणि बायको पोलक्याची गुंडी लावत होती.

मला लगेच कळलं. सून गेल्यावर मी म्हणालो, "काय दाखवलं तिले?"

"टाके दाखवले. तिच्या छातीत गाठ लागून राह्यली हाताले. दुधाचीच असन, पन दाखवाले जायाले भेते. भेवानं घरात बसली तं?"

"अवो, म्या डॉक्टरसंगं भांडलो! कागद बदलवला! पारावर गुडघ्याचा कागद म्हनून हसं करून घेतलं! आन तू सोताहून पोलकं उघडून दाखवते?"

"तर मंग? कागदावर गेलं की ते कोन वाचन ते मले समजत नाई. हिले मी पाहून सांगतलं. माह्या मनानं सांगतलं. तुमी कुलूप लावाले सांगतलं, किल्ली तं माह्याजवळच हाय ना?"

मी तिच्याशी जेवेपर्यंत बोललो नाही. जेवताना मीठ मागावं लागलं.

ती गाठ दुधाचीच निघाली, हे इथंच सांगून टाकतो. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला ते माहीत नव्हतं.

त्या सकाळी पाणी तापलं. पाट टाकलेला होता. रोजची वेळ झाली, कोणी आलं नाही. बायको अंगणात बसली, पदरानं उगाच पाट पुसला, परत पुसला. मी दोनदा दारात जाऊन आलो.

"बसा ना गपचिप," ती म्हणाली. "नाई आले तं नाई आले." चुलीतलं एक लाकूड तिनं मागं ओढलं, पाणी जास्त कढू नये म्हणून.

तेवढ्यात वाटेवरून बोलण्याचा आवाज आला. सासूच होती पुढं, बाळ छातीशी, मागून सून नवं लुगडं नेसलेली. सासू फाटकातूनच सुरू झाली.

"काऊन वं, तीस वर्सं झाले तुह्या-माह्या घरात विस्तव चालते, आन मले गुडघे सांगते? माह्या सुनेले सांगतलं, मले नाई?"

बायकोनं पाटावर सरकून पाय लांब केले. "भेव वाटलं वं."

"माहं भेव? मी का वाघ हाय?" सासूनं बाळाचं फडकं सोडलं आणि तसंच उघडं लेकरू बायकोच्या नडग्यांवर ठेवलं. "लवकर आटप. आठच्या बसनं हिले दवाखान्यात नेतो. मले भाकरी बांधाची हाय, हिची वेणी राह्यली. पानी कोन टाकते?"

तिघी माझ्याकडं बघू लागल्या. एवढ्या वर्षांत मी कधी घंगाळाला हात लावलेला नव्हता. आमच्यात पुरुष तिथं फिरकतसुद्धा नाहीत. पारावरून मला कोणी बघितलं असतं तर गुडघ्याच्या कागदापेक्षा मोठं हसं झालं असतं. मी तांब्या बुडवला आणि ओतलं.

लेकरानं असा टाहो फोडला की कोंबड्या पळाल्या.

"बैलाच्या पाठीवर टाकल्यासारखं काय टाकता वो!" बायको ओरडली. तिचा उजवा हात बाळाच्या मानेखाली होता, डावा त्याच्या पाठीवरून तेल उतरवत होता, आणि ती वर बघून माझ्यावर डोळे वटारत होती. "हळू. धार बारीक करा."

मी धार बारीक केली.